लेपाखालचं वर्तुळ

तारीख १२ डिसेंबर, वार गुरुवार. शिरूरच्या एका खासगी हॉस्पिटलात दहा हजार रुपये अनामत भरली. भरली माझा मेव्हणा विलास यानं, दौंडहून आल्या आल्या. त्या वेळी हजर होतो मी, स्ट्रेचरवर आणि पूर्ण शुद्धीत, विलास, आणि मला न्हावऱ्याजवळून जीपमध्ये घालून आणणारी दोन अनोळखी माणसं, ज्यांची नावं विचारायची राहून गेली.

एवढं आधी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्यापुढे जे घडलं ते माझं मलाच अजून खरं वाटत नाही. निदान सुरुवात तरी पक्की असावी.

माझं वय बावन्न. राहायला तळेगाव ढमढेरे. गावातल्या दूध संकलन केंद्रावर लिटर आणि फॅटचा हिशेब माझ्याकडे असतो. विलासच्या मुलीचा, प्रियांकाचा, साखरपुडा शनिवारी दौंडला होता. बायको, सुनंदा, दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. संध्याकाळचं संकलन सहकाऱ्यावर सोपवून गुरुवारी दुपारनंतर मी मोटारसायकलवर निघालो.

न्हावऱ्याच्या अलीकडे माझ्यापुढून उसाची ट्रॉली गेली होती. तिच्यातले दोन-तीन ऊस रस्त्यावर पडले होते. पुढचं चाक त्यावर गेलं आणि घसरलं. हँडल गर्रकन वळलं आणि त्याच्या मुठीचं टोक माझ्या पोटात बसलं. मग मी रस्त्यावर. डोक्यावर हेल्मेट होतं. आधी दम कोंडला, मग श्वास आला. हातपाय हलवून पाहिले, हलत होते. कोपर सोलपटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. जमलेल्या लोकांचं लक्ष रक्ताकडे गेलं. माझंही तिकडेच गेलं. पोटावर तर ओरखडासुद्धा नव्हता.

सगळं काढून घेऊ

शिरूरला पोचलो तेव्हा तिथं गर्दी उसळली होती. मजुरांचा एक टेम्पो कुठंतरी उलटला होता आणि एकामागून एक माणसं आत आणत होते. कुणी कण्हत होतं, कुणी ओरडत होतं. मी बोलत होतो, म्हणून भिंतीकडेला होतो.

एक तरुण डॉक्टर आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली.

"काका, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"बेशुद्ध झाला होता का?"

"नाही."

"पोटात दुखतंय?"

"हँडल लागलं. थोडं दुखतंय."

त्यानं शर्टावरूनच उजव्या बाजूला एकदा दाबलं. तेवढ्यात पलीकडून नर्सनं हाक मारली. जाता जाता तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. सगळं काढून घेऊ."

सगळं म्हणजे सगळे फोटो. डोक्याचा स्कॅन झाला. मान, छाती, कंबर, कोपर आणि गुडघा यांचे एक्स-रे झाले. पोटाची सोनोग्राफी झाली, अंधाऱ्या खोलीत, गार जेली लावून. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात मला ढकलत नेत होते. खरं सांगतो, मला त्याचा धीर वाटत होता. इतकं सगळं बघतायत म्हणजे काही सुटणार नाही.

आठच्या सुमाराला रिपोर्ट आले. सगळे नॉर्मल. विलासनं कागदांचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले: 'दाजींचे सर्व रिपोर्ट नॉर्मल.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. सुनंदाचा फोन आला, ती रडली, मग तिनं मी हेल्मेट घातलं होतं का ते विचारलं, मग पुन्हा रडली.

शुक्रवारी सकाळी तोच डॉक्टर आला. रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल होते. म्हणाला, "काका, आजचा दिवस राहा. मोठे सर दुपारी येतील, पोट एकदा हातानं बघतील."

विलास फोनवर मांडववाल्याशी बोलत होता. फोन खाली धरून त्यानं विचारलं, "पोटाच्या रिपोर्टात काय निघालं का?"

"नाही, सोनोग्राफी नॉर्मल आहे. पण..."

"मग झालं तर! उद्या घरात कार्य हाय डॉक्टर. मांडववाला येऊन बसलाय, आचारी येऊन बसलाय आन् मी हितं."

मलाही निघायचंच होतं. स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याची सही विलासनं केली, खाली मी केली. त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते ऐकायला आम्ही दोघंही थांबलो नाही.

फाईलचं दर्शन

दौंडला विलासच्या घरी पोचलो तर माझ्या सासूबाई आंबेहळद उगाळतच बसल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणतो. पंचाहत्तरीच्या आहेत. आमच्याकडे कुणी पडलं, झडलं, बैलानं ढुशी दिली की आंबेहळद आणि तुरटीचा लेप, जरा कढवून, सोसेल इतका गरम. डॉक्टरकडे जाऊन आलं तरी लेप असतोच. घरची माया ती. कुणी नको म्हणत नाही.

"रगात दिसतं त्याचं काय न्हाई, जावईबापू," मामी म्हणाल्या. "मुका मार लई वाईट. कुठं कुठं लागलंय?"

मी खांदा दाखवला, कंबर दाखवली, पोट दाखवलं. त्या वेळी पोटावर नुसती लाली होती. मामींनी सगळीकडे हलक्या हातानं जाड लेप दिला. बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही. लेप वाळला, पापुद्रा धरला, वरून सदरा घातला.

मग भेटायला येणारे सुरू झाले. एक तर मी जावई, त्यात घरात कार्य. प्रत्येकजण आत यायचा, चप्पल काढायचा आणि म्हणायचा, "फाईल बघू." आजाऱ्याला भेटणं म्हणजे आता फाईल बघणं झालंय. शेजारचे नाना, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघून म्हणाले, "कवटी झकास हाय. ही बघा डोळ्याची भोकं."

"नाना, ती कंबर हाय," विलास म्हणाला. "तुम्ही उलटी धरलीया."

"आसं व्हय! मग कंबर झकास हाय."

सगळे हसले. मीही हसायला गेलो आणि मधेच थांबलो. पोटात आतून कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं.

सदरा वर करून पोट कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं तरी काय होतं? सगळा लेपच होता.

संध्याकाळी जेवण नको झालं. कुशीवर वळलं की कळ यायची. गुडघे पोटाशी घेऊन पडलं की जरा बरं. मी ते बोललो, तर विलास म्हणाला, "दाजी, रिपोर्ट नॉर्मल हायेत. आता जे हाय ते मनाचं हाय." मग बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी रुसलेत. जावयाचा आहेर आदी आणा रं!"

चिडावं असं मला वाटलं नाही. कारण मलाही तेच वाटत होतं. सात कागद एका बाजूला आणि माझं पोट दुसऱ्या बाजूला. मी आकड्यांचा माणूस. मी कागदांवर विश्वास ठेवला.

कागदाला घाल जेवायला

शनिवारी सकाळी चहा घेतला आणि तो तसाच उलटला, हिरवट पाण्यासकट. सुनंदा लेप बदलायला वाटी घेऊन आली. तिनं पोटावर हात ठेवला आणि वाटी खाली ठेवली.

"अहो, पोट असं काय लागतंय? फळीसारखं."

"दुखतंय म्हणून आवळून धरलंय."

"सोडा बघू सैल."

मला सोडता येईना. प्रयत्न करूनही येईना. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेली. अंगणातलं बोलणं मला आत ऐकू येत होतं.

"विलास, रिक्षा आण."

"ताई, धाला पाव्हणे येत्यात. आन् सगळं नॉर्मल हाय गं, मी सोता कागद बघितलेत."

"कागद नॉर्मल हायेत ना? मग त्या कागदाला घाल जेवायला. माझा माणूस घोटभर च्या ठेवंना. तू तुझं पाव्हणे बघ, मी माझा माणूस बघते."

रिक्षात मी, सुनंदा आणि हट्टानं बसलेल्या मामी. दौंडच्या त्या रस्त्यावर गतिरोधक किती आहेत ते मला त्याआधी माहीत नव्हतं. रिक्षावाला बिचारा हळू घेत होता, तरी प्रत्येक वेळी मी सुनंदाचा दंड धरून ओरडलो. पुढच्या-मागच्या गाड्यांतले लोक बघत होते.

ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. शस्त्रक्रिया करतात. माझ्याच वयाच्या. नुकत्याच आल्या होत्या, पर्स अजून खांद्यावर होती. सुनंदानं लगबगीनं फाईल पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवली.

"ही नंतर. वाकून का चालताय?"

"सरळ झालं की आत ओढ बसते."

"रिक्षातून आलात ना? गतिरोधकांवर दुखलं?"

"सातही वेळा."

त्यांनी भुवई उचलली. "मोजलेत?"

"मोजले नाहीत. लक्षात राहिले."

"जरा खोका."

मला खोकता आलं नाही. त्यांनी पर्स खाली ठेवली.

मला झोपवलं. त्यांनी हात धुतले आणि तळवे एकमेकांवर चोळले. "गार लागतील म्हणून," असं म्हणाल्या. दोन दिवसांत इतक्या लोकांनी मला बघितलं, पण माझ्यासाठी हात ऊन करणारं पहिलं माणूस ते. मग सदरा वर केला.

"हे काय?"

"आंबीहळद हाय, बाई," मामी म्हणाल्या. "तुरटी घातलीया."

"छान उगाळलीय. पण आजी, मला याच्या खालचं बघायचंय."

नर्सनं ओल्या कापसानं लेप भिजवला आणि अलगद पुसायला लागली. पिवळं-तपकिरी पाणी अंगाखालच्या चादरीवर उतरलं. बेंबीच्या वर, जरा डावीकडे, आधी एक काळी कड दिसली. मग ती वळली. मग पूर्ण झाली.

पूर्ण गोल. मधली कातडी जशीच्या तशी आणि भोवती काळीनिळी कड, गाडीच्या मुठीच्या टोकाच्या मापाची. जणू कुणी शिक्का मारला होता. गुरुवार संध्याकाळपासून मी तो मार पोटावर घेऊन फिरत होतो आणि मला पत्ता नव्हता. शुक्रवारी दुपारी तिथं नुसती लाली होती. हे सगळं लेपाखाली उमटलं होतं.

सुनंदा "अगं बाई" एवढंच म्हणाली. मामींनी पदर तोंडावर धरला.

डॉक्टरबाईंनी त्या वर्तुळाला आधी हात लावलाच नाही. लांबून सुरुवात केली, उजवीकडे खालून. दाबताना त्या पोटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सावकाश दाबत आल्या आणि एका जागी दाबून हात चटकन उचलला. दाबताना दुखलं त्याहून उचलताना जास्त दुखलं. मी किंचाळलो. बावन्न वर्षांचा माणूस, सासूसमोर.

मग त्यांनी पंखा बंद करायला लावला आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"आतड्यांचा आवाज नाही," त्या म्हणाल्या.

आता त्यांनी फाईल उघडली. सोनोग्राफीचा कागद काढून कोपऱ्यातली वेळ बघितली. "अपघात कधी झाला?"

"साडेपाचला."

"आणि ही पावणेसातची. तेव्हा यांना काही दिसलं नसणार, बरोबर आहे. एक एक्स-रे काढते. उभं करून."

"आणखी एक?" मी म्हणालो. "इतके काढलेत."

"ते झोपवून काढलेत. आणि आता काय शोधायचंय ते मला माहीत आहे."

दोघांनी धरून मला उभं केलं. फोटो आला. त्यांनी तो उजेडावर लावला आणि छातीच्या पडद्याखाली बोट ठेवलं. तिथं नखाच्या कडेसारखी बारीक काळी कोर होती.

"ही हवा आहे. ती आतड्याच्या आत पाहिजे, इथं नाही. आतडं फुटलंय. आत्ताच पोट उघडावं लागेल."

माझ्या तोंडून काय निघालं ते लिहितो, कारण त्याची मला आजही कमाल वाटते. मी म्हणालो, "पण रिपोर्ट नॉर्मल आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हो. रिपोर्ट नॉर्मल आहे. संध्याकाळपर्यंत घरी राहिला असतात तर तुमचं काय झालं असतं, मला सांगता येत नाही."

त्याच दुपारी

विलास आला तो डोक्याला फेटा बांधलेला, कपाळाला गंध. पाहुण्यांना मांडवात सोडून आला होता. स्ट्रेचरवर मला बघून त्यानं फेटा काढला आणि हातात धरून उभा राहिला.

"दाजी, मी काल..."

"आधी पोरीचं उरक," मी म्हणालो. एवढं बोलायलाही दम लागत होता. "कार्य थांबवू नको. अपशकून म्हणतील तिला."

"ताई, सही मी करू का?" त्यानं सुनंदाला विचारलं.

"न्हाई. मागची तूच केली हुतीस," ती म्हणाली आणि पेन घेतलं.

हे वाक्य त्या दोघांत बरेच दिवस राहिलं. भाऊबहीण बोलायचे, पण मधे कुणीतरी लागायचं.

छोट्या आतड्याला भोक होतं. ते शिवलं, पोट आतून धुतलं. मांडवात साखरपुडा वाजंत्रीशिवाय, घाईत उरकला. संध्याकाळी शुद्धीवर आलो तेव्हा प्रियांका पायाशी उभी होती, अंगावर साखरपुड्याची साडी. बोटातली अंगठी पदराखाली लपवत होती. मला आणि अंगठीला एकत्र बघायची तिला लाज वाटत असावी.

"मामा," ती म्हणाली. मी तिला अंगठी दाखवायला लावली.

वारा सरला का

नंतरचे दिवस नाकात नळी, पोटात नळी, हातात सलाईन. तोंड कोरडं फट्ट. पाण्याचा थेंब नाही, फक्त ओठांवरून ओला कापूस. त्या कापसाची वाट मी सणासारखी बघायचो.

भीती ऑपरेशनच्या आधी वाटली नाही, तेवढा वेळच नव्हता. ती नंतर आली. डोळे मिटले की लेप पुसला जाताना दिसायचा, आणि काळी कड वळताना. कितीदा मनात यायचं, सुनंदा लेप बदलायला आलीच नसती तर? तिनं हात न ठेवता वाटी नुसती उशाशी ठेवली असती तर? पोट हातात धरून मी घामेघूम व्हायचो.

डॉक्टरबाई रोज दोनदा यायच्या. त्याच पद्धतीनं हात चोळायच्या, लांबून सुरुवात करायच्या. आणि विचारायच्या, "वारा सरला का?" आतडी पुन्हा चालू झाल्याची ती खूण. हळूहळू हा प्रश्न साऱ्या भावकीत पसरला. सकाळी फोन, "सरला का?" दुपारी फोन, "सरला का?" नाना स्वतः येऊन विचारून गेले. नव्या व्याह्यांनीही विलासला विचारलं, म्हणे, "पाव्हण्यांचा गॅस पास झाला का?" सोयरीक होऊन तीन दिवस झालेल्या माणसाला हा प्रश्न पडावा, याचं मला हसू येत होतं, पण हसलं की टाके ओढायचे.

चौथ्या दिवशी पहाटे सरला. सुनंदा खुर्चीत डुलकी घेत होती, दचकून उठली. मग आम्ही दोघं टाके धरून हसलो, म्हणजे टाके माझे, धरले तिनं. तिनं त्याच ग्रुपवर, 'सर्व रिपोर्ट नॉर्मल'च्या खाली, ती बातमी टाकली. पुन्हा जोडलेल्या हातांची रांग. दुपारी मला एक चमचा पाणी मिळालं.

त्या दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं, "मग ती यंत्रं खोटी म्हणायची का?"

"खोटी कशी? तुमचं डोकं, मान धड आहे हे त्यांनीच सांगितलं. बेशुद्ध माणूस आला तर मीही आधी तेच करते, तो सांगणार काय? पण तुम्ही बोलत होता. दुखतंय म्हणत होता. आतड्याचं दुखणं पहिल्या तासात फोटोत दिसेलच असं नाही. म्हणून पोट पुन्हा पुन्हा बघायचं. चार तासांनी, सकाळी, परत दुपारी. सोनोग्राफी झाली म्हणून हात लावायचं थांबवायचं नसतं."

माझं कामच मला आठवलं. केंद्रावर कॅन आला की मशीन लावायच्या आधी आम्ही झाकण उघडून वास घेतो. मशीन फॅट सांगतं, ते बरोबरच असतं. पण दूध नासायला लागलंय हे आधी नाकाला कळतं. आणि सकाळी चांगला निघालेला कॅन उन्हात राहिला तर दुपारी परत हुंगावा लागतो. सकाळची चिठ्ठी दाखवून भागत नाही. हे मी कितीतरी वर्षं रोज करतो. दुधासाठी करतो.

मामी

मामी पाच दिवस आल्या नाहीत. सुनंदा म्हणाली, "आई बोलंना झालीय. सहाण उचलून माळ्यावर टाकलीया." सहाव्या दिवशी आल्या आणि पलंगाच्या पायाशी उभ्या राहिल्या. बस म्हटलं तर बसल्या नाहीत. डॉक्टरबाई पोट तपासत होत्या. ते वर्तुळ आता कडेनं हिरवट-पिवळं झालं होतं.

"मी झाकलं ते," मामी म्हणाल्या.

"आजी, लेपानं काही बिघडलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भोक त्याच्या आधीचं आहे."

"बिघडलं न्हाई. पर दिसलं न्हाई ना."

मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "मामी, मला लेपानं बरं वाटलं होतं." ते खरं होतं. त्यांनी माझ्या पायाचा अंगठा चादरीवरून धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

कुणाच्या कामी यावं म्हणून

मी डॉक्टर नाही. पण ज्यांच्या घरी असा मुका मार लागलेला माणूस असेल त्यांना माझ्या अनुभवातून एवढं सांगतो. फाईल बघा, पण माणूसही बघा. दुखणं वाढत असेल, पोट कडक लागत असेल, चहा ठरत नसेल, तर नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी बसू नका, तो रिपोर्ट घेऊन परत जा. डॉक्टर एक दिवस राहा म्हणाले तर राहा. आणि लेप लावायचाच असेल तर डॉक्टरांनी खालची कातडी बघितल्यावर लावा.

जानेवारीत मी शिरूरला त्या तरुण डॉक्टरकडे गेलो. भांडायला नाही. त्याला कळावं एवढ्यासाठी. त्यानं मला ओळखलं नाही. मी पोटावरची टाक्यांची खूण दाखवली, मग ओळखलं.

"काका, मी थांबा म्हणत होतो."

"हो. तुम्ही 'पण' म्हणालात. आम्ही ऐकलं नाही."

तो म्हणाला, "मोठ्या सरांची वाट कशाला बघायची होती? मीच सकाळी पोट बघायला हवं होतं. हातात रिपोर्ट होते, आणि बाहेर ती टेम्पोतली माणसं..." वाक्य पुरं न करता त्यानं विचारलं, "आता बघू का?" हात धुतले आणि माझं पोट सगळीकडून, शांतपणे तपासलं. मी तपासू दिलं. त्याचे हात गार होते. ते त्याला सांगितलं.

शेवटची तपासणी दौंडला होती. सुनंदा, मामी आणि मी गेलो. ऑपरेशनचं बिल मला घरी सोडलं त्याच दिवशी भागवलं होतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण घरी ते बिल पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की त्या शनिवारच्या तपासणीची फी त्यात नव्हतीच. घाईत केसपेपर काढायचाच राहिला होता. काउंटरवरच्या ताईंना मी ते सांगितलं.

"राहू द्या हो काका," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या बिलात दीडशे रुपयांचं काय!"

"नको. तेवढंच राहायला नको."

मी खिशात हात घातला तर मामींनी माझं मनगट धरलं. "थांबा, जावईबापू. ह्ये माझं."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि घडी उलगडून पैसे काउंटरवर ठेवले. शेवटी दिले ते हे: रुपये दीडशे. दिले माझ्या सासूबाईंनी, घेतले डॉक्टरबाईंच्या काउंटरवरच्या ताईंनी.

ताईंनी पावती काढली आणि विचारलं, "आजी, कशाबद्दल लिहू?"

"लिव्ह," मामी म्हणाल्या, "लेप पुसून हात लावून बघितल्याबद्दल."